न सकारलेली हुंडी

हुंडीच्या व्यवहारात मराठी माणूस दोन क्रियापदे वापरीत असे. ज्या पेढीवर हुंडी लिहिली तिने ती मान्य केली म्हणजे हुंडी ‘सकारली’, आणि पैसे देण्याचे नाकबूल केले म्हणजे ‘नकारली’. यांपैकी पहिले क्रियापद आता कोशात जाऊन बसले आहे. दुसऱ्याला मात्र अलीकडे पुन्हा चांगले दिवस आले आहेत. ‘आपले कार्ड नाकारण्यात आले आहे’ हे वाक्य संगणकाच्या पडद्यावर एकदाही वाचले नाही असे कुटुंब आपल्या मंडळात क्वचितच सापडेल. विशेषतः परदेशी ग्रंथालय, परदेशी नियतकालिक किंवा अभ्यासाचे एखादे परदेशी साधन यांची वर्गणी भरू जाता हा अनुभव हटकून येतो. सुवर्णमहोत्सवी अंकात संस्थेच्या वाटचालीचे लेख पुष्कळ असतील. प्रस्तुत लेखात दूरदेशी पैसा पोचविण्याच्या वाटचालीचा, आणि त्या वाटेवर भेटलेल्या नकारांचा, थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

निमित्त एका सभासदाच्या घरचे आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. मुलगी संशोधन करणारी. तिच्या गणितासाठी लागणारी एक परदेशी सेवा वडिलांच्या कार्डावर दरमहा वर्गणी देऊन घेतलेली होती आणि दोन वर्षे सुरळीत चालली होती. २०२१ च्या ऑक्टोबरात ती अकस्मात बंद पडली. खात्यात पैसे होते, कार्डाची मुदत संपलेली नव्हती, वर्गणीची रक्कमही हजार-बाराशेच्या आतली. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात वाण्याचीही उधारी ठेवली नाही हा त्यांचा अभिमान. ते पासबुक घेऊन बँकेत गेले. तेथे सांगण्यात आले, “आमच्याकडून काही अडचण नाही, समोरच्या कंपनीला विचारा.” कंपनीने लिहिले, “आपल्या बँकेस विचारा.” असे नऊ दिवस गेले. मुलीचा प्रबंधातील एक भाग त्या साधनावाचून अडून राहिला होता, त्याची काळजी होतीच. पण वडिलांच्या मनाला लागले ते निराळे. “म्हणजे माझी पत गेली काय?” असे त्यांनी मला विचारले. तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

बंगळूरचा पूर्वेतिहास पाहिला तर हे शहर वायदा आणि वसुली यांच्या कथांनी भरलेले आहे. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीत केंपेगौडांच्या वंशजाकडून ते विजापूरकरांकडे आले व पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पडले, ही हकीकत आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते आपल्या हातून गेले कसे, हे मात्र कमी जणांस ठाऊक असते. व्यंकोजीराजांनी तंजावरास बस्तान बसविल्यावर दूरचे बंगळूर सांभाळणे त्यांस जड जाऊ लागले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना ते ३ लाख रुपयांस देण्याचे बोलणे झाले. व्यवहार पुरा होण्याच्या आतच, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि नंतर तेच शहर चिक्कदेवराजांच्या स्वाधीन केले. रक्कम ठरली, माल ठरला, पण पैसा पोचेपर्यंत विक्रेताच बदलला!

याहून बोधप्रद प्रसंग १७५९ चा आहे. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांची फौज श्रीरंगपट्टणापुढे उभी राहिली तेव्हा ३२ लाखांची खंडणी ठरली होती. रोख फारच थोडी निघाली आणि बाकीबद्दल म्हैसूरकरांनी काही तालुके गहाण दिले. पाऊसकाळात मराठी फौज माघारी वळताच त्या तालुक्यांतून मराठ्यांचे अंमलदार हुसकून लावण्यात आले. तेव्हा गोपाळराव पटवर्धन चालून आले व त्यांनी बंगळूरास वेढा घातला. म्हैसूरच्या बाजूने हैदरअली होता. अखेर पुन्हा ३२ लाखांवर तडजोड झाली. निम्मी रक्कम कशीबशी उभी राहिली. उरलेल्या निम्म्याची हमी मराठी छावणीतल्या सावकारांनी हैदराच्या व्यक्तिगत जबाबदारीवर घेतली, असे इंग्रज इतिहासकार विल्क्स लिहितो. म्हैसूर दरबाराच्या शब्दावर सावकार तयार नव्हते. हैदराच्या शब्दावर झाले. त्या कर्जाच्या फेडीसाठी ते तालुके हैदराच्या ताब्यात देण्यात आले, आणि दोन वर्षांत म्हैसूरची सारी सत्ता त्याच्या हाती गेली. बंगळूरचा वेढा उठला तो सावकारांनी मान डोलावली म्हणून. त्या मानेची पुढे आपल्याला केवढी किंमत मोजावी लागली, तो विषय निराळा.

सावकार कोणाला ओळखतो, यावर सारे अवलंबून होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हुंडीचे शास्त्र उलगडते. हुंडी दर्शनी असे किंवा मुदती असे. दर्शनी म्हणजे दाखविताच पैसे, मुदती म्हणजे ठरल्या दिवसांनी. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्यास मिळत, शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातल्या एखाद्या प्रतिष्ठित ‘शहा’मार्फतच मिळत, म्हणजे रस्त्यात हुंडी सापडलेल्या चोरास तिचा उपयोग नसे. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून आकडा लिहून पुन्हा ‘निमे अमुक, त्याचे दुप्पट तमुक’ असे अक्षरांत लिहीत. एवढ्याने भागत नसे. हुंडी लिहिणारी पेढी परगावच्या पेढीस वेगळे पत्र पाठवी की, अमक्या तारखेस अमक्या रकमेची हुंडी केली आहे, ती सकारावी. हुंडी एका वाटेने आणि पत्र दुसऱ्या वाटेने. आज कार्डाचा आकडा एका वाटेने जातो आणि ओ. टी. पी. नावाचा परवलीचा आकडा आपल्या दूरध्वनीवर दुसऱ्या वाटेने येतो, त्यात मूळ कल्पनेच्या दृष्टीने नवे फारसे काही नाही.

आणि हुंडी नकारली गेली तर? येथे आपले जुने सराफ आजच्या व्यवस्थेच्या पुढे होते असे म्हणावे लागते. हुंडी करणारा सावध असेल तर तो धारकाजवळ ‘जिकरी’ चिठ्ठी देऊन ठेवी. ती त्याच गावच्या दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या नावे असे : मूळ पेढीने हुंडी न सकारल्यास आपण सकारावी, ही विनंती. तीही फळास आली नाही तर हुंडी परत येई आणि धारकास झालेल्या खोटीबद्दल ठरलेल्या दराने भरपाई मिळे. तिला ‘नकराई-सकराई’ म्हणत. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत ‘पैठ’, तीही गेली तर ‘परपैठ’. हे सारे कोणत्याही सरकारच्या कायद्याने नव्हे, रिवाजाने चाले. इतके की १८८१ चा परक्राम्य संलेखांचा कायदा करताना इंग्रज सरकारने देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज तसेच राहू दिले. आपल्या आजोळी महिपतीच्या ‘भक्तविजया’तली नरसी मेहत्यांची गोष्ट ज्यांनी ऐकली असेल त्यांना द्वारकेच्या शामळशहावर लिहिलेली ती हुंडी आठवेल. द्वारकेत शामळशहा नावाची पेढीच नाही म्हटल्यावर यात्रेकरूंची काय अवस्था झाली असेल! देवाला स्वतः थैली घेऊन यावे लागले. सामान्य माणसाला तशी सोय नसल्यामुळेच जिकरी चिठ्ठी निघाली असावी.

वर्गणी हा प्रकार रूढ झाला तो टपालाबरोबर. व्ही. पी. ची पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली आणि मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे १८८० मध्ये आले. म्हैसूर संस्थानाचे स्वतःचे टपाल होते, त्यास ‘अंचे’ म्हणत. ते १८८९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालात विलीन झाले. त्यानंतर बंगळूरच्या पेठेत राहणाऱ्या मराठी वाचकाला पुण्याहून पुस्तक मागविणे तेवढेच सोपे झाले जेवढे ते सोलापूरच्या वाचकाला होते. पुढे किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ निघू लागले, मागोमाग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मुलखाबाहेरच्या घरांत ही मासिके महिन्याच्या महिन्यास पोचत ती या सोयीच्या बळावर. येथे नकार देणारा पक्ष ग्राहक असे. व्ही. पी. सोडविली नाही तर ती परत जाई, आणि संपादक अंकात ग्राहकांची कानउघाडणी करीत. तरीही त्या परतीच्या पाकिटावर पोस्टमन कारण लिही : ‘घेण्यास नकार’, ‘दाराला कुलूप’, ‘गाव सोडून गेले’. कारण लिहिल्यावाचून टपाल परत जात नसे, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी.

परदेशी वर्गणीची कहाणी दुसऱ्या महायुद्धापासून पालटली. १९३९ च्या सप्टेंबरात युद्धाच्या निमित्ताने विदेशी चलनावर नियंत्रण आले. युद्ध संपले, नियंत्रण राहिले. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये तो अधिक कडक होऊन ‘फेरा’ या नावाने घरोघरी माहीत झाला. हाच काळ बंगळूरात मराठी मध्यमवर्ग येऊन स्थिरावण्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साह्याने येथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनीचा, घड्याळे व यंत्रे बनविणारा, इलेक्ट्रॉनिक्सचा असे सरकारी कारखाने आले. टाटांच्या प्रेरणेने १९०९ मध्ये स्थापन झालेली विज्ञानसंस्था तर होतीच. या संस्थांतून काम करणाऱ्या माणसाला परदेशी नियतकालिक हे चैनीचे साधन नव्हते, पोटापाण्याच्या विद्येचा तो भाग होता. संस्थेच्या ग्रंथालयात जे येई ते वाचावयास मिळे. पण घरी स्वतःच्या नावे एखादे मासिक मागवावयाचे तर बँकेत अर्ज, प्रयोजन, पुरावा आणि परवानगी. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. म्हणजे १० डॉलरांची वर्गणी ४७ रुपये ६० पैशांवरून रातोरात ७५ रुपयांवर गेली. परदेशी प्रकाशकाने एक सेंटही वाढविला नसताना! उच्च शिक्षणासाठी मुले अमेरिकेस निघत ती खिशात आठ डॉलर घेऊन. त्या आठ डॉलरांच्या गोष्टी आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की त्या येथे पुन्हा सांगण्याचे धाडस मी करीत नाही.

या काळातही वाटा निघाल्याच. युनेस्कोने १९४८ मध्ये पुस्तकांसाठी कुपने काढली. ज्या देशाजवळ डॉलर नाहीत तेथील वाचकाने आपल्या चलनात पैसे भरून कुपन घ्यावे, ते परदेशी विक्रेत्याकडे पाठवावे, आणि विक्रेत्याने युनेस्कोकडून आपल्या चलनात पैसे घ्यावेत. ही हुंडीच, पेढीच्या जागी राष्ट्रसंघाची शाखा, एवढाच फरक. ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या ई. एल. बी. एस. च्या स्वस्त आवृत्त्यांवर तर अभियंत्यांच्या आणि डॉक्टरांच्या पिढ्या पोसल्या. रशियन पुस्तके मराठीतूनसुद्धा इतक्या अल्प किमतीस मिळत, याचे एक कारण असे की तो व्यापार रुपयांत होता आणि डॉलरचा अडसर त्यात नव्हता. दुसरीकडे ‘हवाला’ हा जुन्या सराफीतला प्रतिष्ठित शब्द या कायद्यांमुळे गुन्ह्याच्या बातम्यांत जाऊन पडला. शब्दांचेही दिवस फिरतात.

बँकेचे कार्ड भारतात आले तेही ही सीमा अंगावर छापूनच. सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले आणि पुढे इतर बँकांनीही तोच मार्ग धरला; परंतु ‘केवळ भारत व नेपाळ येथे ग्राह्य’ अशा अर्थाची ओळ आपल्याकडच्या कार्डांवर वर्षानुवर्षे असे. निदान ती ओळ प्रामाणिक होती. कार्ड कोठे चालणार नाही हे ते खिशातून काढण्याआधीच कळे. पुढे १९९४ च्या ऑगस्टात चालू खात्यावरील व्यवहारांसाठी रुपया परिवर्तनीय झाला, २००० च्या जूनमध्ये फेराच्या जागी ‘फेमा’ आला, आणि २००४ पासून सामान्य नागरिकासही वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये ही मर्यादा २,५०,००० डॉलरवर गेली. चलनाची अडचण अशा रीतीने संपली. ज्या पिढीने अर्ज भरले होते तिला वाटले, आता नकार कसला?

नकार आला तो दुसऱ्या दाराने. कार्डाचे आकडे चोरून खरेदी करण्याचे प्रकार वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने २००९ च्या ऑगस्टपासून ऑनलाइन व्यवहारांस ओळखीची आणखी एक पायरी सक्तीची केली. परदेशी विक्रेत्यांकडे ती पायरी बहुधा नसे, आणि बरीच वर्षे आपली कार्डे तेथे तिच्यावाचून चालत राहिली. २०२० च्या जानेवारीत असा आदेश निघाला की नवे कार्ड फक्त देशातल्या यंत्रांवर आणि दुकानांत चालण्यास खुले असावे. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची कवाडे ग्राहकाने स्वतः उघडावीत. कित्येकांच्या नकाराचे कारण एवढेच असते की ही कवाडे उघडावयाची असतात हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. त्यानंतर आला १ ऑक्टोबर २०२१ चा दिवस. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी ग्राहकाची एकदा पडताळून घेतलेली संमती बँकेकडे नोंदलेली असावी, पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना जावी, आणि ५,००० रुपयांवरील रकमेस प्रत्येक वेळी नव्याने संमती घ्यावी, असा हा नियम. २०२२ च्या जूनमध्ये ही मर्यादा १५,००० करण्यात आली.

नियमाचा हेतू चांगला होता, हे मी मोकळेपणाने म्हणेन. विसरून गेलेल्या वर्गण्या महिनोन्महिने कापल्या जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या बंद करता करता म्हाताऱ्या माणसांची झालेली दमछाकही पाहिली आहे. नियम ३१ मार्च २०२१ नंतर लागू व्हावयाचा होता. बँकांची तयारी नाही म्हणून सहा महिन्यांची मुदतवाढही मिळाली होती. तरीही ऑक्टोबर उजाडला तेव्हा अनेक बँका आणि अनेक परदेशी कंपन्या यांच्यात संमती नोंदविण्याची व्यवस्था जुळलेली नव्हती. हुंडी तयार होती, पण दोन पेढ्यांमधले ते दुसऱ्या वाटेने जाणारे पत्र लिहिण्याची सोयच कोणी केलेली नव्हती. आमच्या सभासदाची वर्गणी अडली ती येथे.

मग त्यांना कोणी काही सांगितले का नाही? याचे उत्तर मला कार्डांच्या यंत्रणेत काम केलेल्या एका तरुण सभासदाकडून मिळाले. जगभरच्या बँका कार्डासंबंधी जे संदेश एकमेकींस धाडतात त्यांचा एक आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याचा क्रमांक ८५८३ असून तो प्रथम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरासाठी दोन अंकी खुणा असतात. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही. ५७ म्हणजे या कार्डधारकास हा व्यवहार करण्याची परवानगी नाही. आणि ०५? ०५ चा अर्थ इंग्रजीत जो लिहिलेला आहे त्याचे शब्दशः मराठी केले तर ‘सकारू नये’ असेच होईल. कारण काही नाही. फक्त सकारू नये. ग्राहकाला तर हे आकडेही दिसत नाहीत. ५१ असो, ५७ असो वा ०५ असो, पडद्यावर बहुधा वाक्य एकच. कफल्लक माणूस, कवाड न उघडलेला माणूस आणि ज्याच्या बँकेची तयारी झालेली नाही असा माणूस, तिघांनाही एकाच शब्दांत परत पाठविण्यात येते. पोस्टमन निदान ‘दाराला कुलूप’ तरी लिहीत असे. गमतीचा भाग असा की जगातल्या कितीतरी बँकांचे हिशेब ज्या प्रणालींवर चालतात त्यांपैकी काही याच बंगळूरात लिहिल्या गेल्या. इन्फोसिसची ‘फिनॅकल’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आपल्या मंडळातली अर्धी तरुण मंडळी या ना त्या पेढीचे असे संदेश रोज तपासत असतात, आणि घरी आल्यावर त्यांच्या वडिलांचे कार्ड नाकारले जाते!

उलट दिशेनेही हेच आहे. परदेशी गेलेली आपली मुले तिकडच्या कार्डावर पुण्याच्या एखाद्या प्रकाशकाचे पुस्तक मागवू जातात तेव्हा इकडचे संकेतस्थळ ते कार्ड घेत नाही. यू. पी. आय. ची सोय २०१६ पासून देशात सुरू झाली, पण परदेशी दूरध्वनी-क्रमांक असलेल्या अनिवासी भारतीयांसाठी ती १० देशांपुरती उघडण्याचे ठरले ते २०२३ च्या जानेवारीत. तोवर पुण्यातला भाचा किंवा बंगळूरातली मावशी हाच त्यांचा शामळशहा होता.

आमच्या सभासदांकडेही शेवटी जिकरीच कामास आली. दहाव्या दिवशी मुलीच्या मामाने कॅनडातून आपल्या कार्डावर वर्गणी भरली आणि अर्ध्या मिनिटात सेवा सुरू झाली. मामाने पैसे घेण्याचे साफ नाकारले. प्रबंध यथाकाल पुरा झाला. वडिलांना मी त्या दोन अंकी खुणांची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी पासबुक पुन्हा एकदा उघडून पाहिले, मिटले, आणि “म्हणजे ५१ नव्हतेच ना?” एवढेच विचारले. नव्हते, हे मी त्यांना खात्रीने सांगू शकलो. त्या वर्षापासून दिवाळीच्या आधी ते पाच दिवाळी अंक निवडतात, स्वतः कापडी पिशवीत शिवतात आणि मेव्हण्याच्या पत्त्यावर टपालाने रवाना करतात. पावती पासबुकाच्या शेवटच्या पानात ठेवलेली असते.